पोरगी केवढी, भोपळा केवढा!

गेल्या गणपतीत मंडळाच्या पंगतीत वाढायला उभी होते, तेव्हा बारावी झालेली दोन मुलं माझ्या मागं लागली. "काकू, तुम्ही आणि ताई डायव्हिंग करता ना? आम्ही मालवणला कोर्स केलाय. आता स्वतःची बीसीडी घ्यायची म्हणतोय. कुठली घेऊ सांगा की!" हातात मसालेभाताचं भांडं होतं, तिथं काय सांगणार? "लिहून देते" म्हटलं आणि सुटका करून घेतली. संपादकांनी ते ऐकलं असावं. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला.

तर हा लेख त्या दोघांसाठी आहे आणि तुमच्यापैकी ज्यांना ज्यांना समुद्रात बुडी मारायची हौस आहे त्या सगळ्यांसाठी. पण आधीच सांगून टाकते, मी पहिल्यांदा घेतलेली बीसीडी चुकीची होती. चूक दुकानदाराची नव्हती, लेकीचीही नव्हती. माझीच होती. आणि ती माझ्या लक्षात आणून दिली वडगावच्या आमच्या आप्पांनी, ज्यांनी उभ्या आयुष्यात समुद्रात पाय भिजवण्यापलीकडं काही केलेलं नाही.

बीसीडी म्हणजे पाणबुड्यांच्या अंगावरचं ते जाकिटासारखं दिसणारं साधन. त्याच्या पाठीला हवेची टाकी बांधलेली असते आणि आत एक पिशवी असते. बटण दाबलं की टाकीतली हवा पिशवीत शिरते आणि तुम्ही वर उचलले जाता. दुसरं बटण दाबलं की हवा बाहेर आणि तुम्ही खाली. वर जाणं, खाली जाणं आणि मधेच स्थिर राहणं ही तिन्ही कामं ते करतं. नाव इंग्रजी असलं तरी वडगावात वाढलेल्या माणसाला ही वस्तू अगदी नवी नाही. आमच्याकडं तिला भोपळा म्हणायचे.

वडगाव आता बेळगाव शहरातच जमा झालंय. पण माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत माग होते आणि गल्ली संपली की भातशेती. घरात दिवसभर मागाची खटखट आणि येळ्ळूरच्या बाजूला गेलं की बासमतीचा वास. आप्पा विणकर. उन्हाळ्यात सकाळी माग सुरू करायच्या आधी ते गल्लीतल्या पोरांना घेऊन ओळखीच्या एका शेतातल्या विहिरीवर जायचे. खांद्यावर दोरीला बांधलेले सुके दुधी भोपळे. पोराच्या पाठीला भोपळा बांधायचा आणि द्यायचं ढकलून. ज्यांच्या घरी भोपळा नसे ते घट्ट झाकणाचा रिकामा डबा आणायचे, कुणी पांगाऱ्याचं हलकं लाकूड.

आमच्या घरात भोपळे दोन होते, दोन्ही दादाचे. एक मोठा, एक लहान. मुलींना विहिरीवर नेण्याची पद्धत नव्हती. मी काठावर टॉवेल आणि चुरमुऱ्यांची पिशवी सांभाळत बसायचे. तिथं बसून मी पोहणं शिकले नाही, पण भोपळा कसा काम करतो ते मात्र पाहिलं. एकदा दादाच्या मित्रानं डबा बांधला होता आणि दोरी सैल राहिली. पाण्यात पडल्याबरोबर डबा सरकून कमरेखाली गेला. पाठीमागचा भाग वर आणि डोकं खाली! पोरगं हातपाय झाडतंय आणि डबा त्याला इमानानं उलटं धरून ठेवतोय. आप्पांनी कपड्यांसकट उडी मारून त्याला बाहेर काढलं. पोरगं बचावलं. माझ्या मनात मात्र पाण्याची भीती बसली ती कायमची.

पुढं लग्न होऊन बेंगळुरूला आले. लेक झाली. ती पाच वर्षांची असताना तिला सोसायटीच्या तलावावर घातलं आणि पुन्हा मी काठावर टॉवेल घेऊन बसले. एक दिवस तिनं पाण्यातून विचारलं, "आई, तू का येत नाहीस?" उत्तर नव्हतं. अडतिसाव्या वर्षी मी पोहायला शिकले. लेक सतरा वर्षांची झाली तेव्हा तिनं स्कूबाचा हट्ट धरला. तिला एकटीला पाठवण्याचं धाडस नव्हतं, म्हणून दोघींनी मिळून कोर्स केला. या पहिल्या परवान्यावर अठरा मीटरपर्यंत जाता येतं. तारकर्लीला आपल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबाची संस्था आहे, मालवणात कितीतरी केंद्रं आहेत, कर्नाटकात मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाला बोटी जातात, गोव्यात ग्रँड आयलंड आहे. बेळगावकराला समुद्र काही लांब नाही. शिनोळी, आंबोली, सावंतवाडी, कुडाळ करत चार तासांत मालवण.

कोर्स झाल्यावर लेकीला स्वतःची बीसीडी घेऊन द्यायचं ठरलं. दुकानात गेल्यावर माझा एकच प्रश्न होता. "यातली सगळ्यात जास्त उचलणारी कुठली?" माणसानं एक भलंमोठं जॅकेट काढलं, वीस किलोंहून जास्त उचल असलेलं. "मॅडम, ही थंड पाण्यासाठी असते, जाड सूटवर घालतात," असं तो म्हणाला. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जास्त उचलते म्हणजे जास्त सुरक्षित, एवढाच हिशोब माझ्या डोक्यात. मापही एक नंबर मोठं घेतलं, "वाढत्या अंगाची आहे" म्हणून. पोरीचं वजन बावन्न किलो. शाळेचा गणवेश घेताना करायचो तसलंच शहाणपण.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला आम्ही उतरलो. रिकाम्या जॅकेटच्या जाड अस्तरातही हवा राहते, त्यामुळं लेक खाली जाईना. म्हणून तिच्या कमरेला शिसं वाढवलं. चार किलो पुरलं असतं तिथं आठ किलो झालं. नऊ-दहा मीटरवर पोचल्यावर ती जड झाली, म्हणून तिनं जॅकेटमध्ये हवा भरली. सगळं ठीक चाललं होतं. मग एका खडकावरून जाताना ती थोडी वर सरकली. मग आणखी थोडी. मी बघतेय तोवर ती फुग्यासारखी वर निघाली. हवा सोडायचं बटण ती दाबत होती, पण ढगळ जॅकेट काखेतून वर चढलं होतं आणि हवा पाठीच्या मोठ्या पिशवीत अडकली होती, नळीकडं येतच नव्हती. काही सेकंदांत ती पृष्ठभागावर.

शिकवलेलं तिच्या लक्षात राहिलं होतं. ती वर जाताना सतत श्वास सोडत होती, म्हणून काही झालं नाही. श्वास रोखून धरला असता तर फुप्फुसाला इजा झाली असती, आणि त्यासाठी फार खोली लागत नाही. बोटीवर मी तिला मिठी मारली तेव्हा थरथरत मी होते, ती नाही. ती एवढंच म्हणाली, "आई, हे जॅकेट माझं ऐकत नाही."

रात्र आम्ही मालवणलाच काढली आणि दुसऱ्या दिवशी घाट चढून वडगावला आलो. आईनं अंगणात दोरी बांधून दिली, पूर्वी तिथं रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत असत. तिथं ते जॅकेट लटकवलं. आप्पा ओट्यावरून उठले, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हे कुणाचं?"

"नातीचं तुमच्या."

"पोरगी केवढी, भोपळा केवढा!"

मला हसू आलं आणि लगेच रडू. मग त्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दादाला मी किती दिवस मोठा भोपळा बांधला, आठवतंय का? आठ दिवस. मग लहान बांधला. शेवटी तर नुसती दोरी बांधायचो. त्याला वाटायचं भोपळा आहे. भोपळा बुडू नये म्हणून असतो, पण मोठाच ठेवला तर पोरगं भोपळ्यावर झोपतं. पोहायला शिकत नाही."

काठावर बसून हे सगळं मीही पाहिलं होतं. पण माझ्या लेकीच्या वेळी मी विसरले.

आता मुद्द्याकडं येते. बेंगळुरूला परतल्यावर मी कागद घेऊन बसले आणि सगळा हिशोब नीट केला. तो तुम्हीही करा, अवघड नाही.

भोपळा कडक असतो. विहिरीत तो वर असो की हातभर खाली, त्याची उचल तेवढीच. बीसीडीची पिशवी मऊ असते. पाण्यात दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो आणि पिशवीतली हवा निम्मी होते. वीस मीटरवर तिप्पट दाब, हवा एक तृतीयांश. उलट वर येताना ती फुगत जाते. म्हणजे पहिल्या दहा मीटरांतच सगळ्यात जास्त फरक पडतो. उथळ पाणी सोपं, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

लेकीच्या बाबतीत झालं ते असं. चार किलो शिसं जास्त, म्हणजे ते तोलून धरायला पिशवीत चार लिटर हवा जास्त. दहा मीटरवरची ही चार लिटर हवा पाच मीटरवर येईपर्यंत सव्वापाच लिटरच्या वर जाते. म्हणजे सव्वा किलोहून जास्त उचल आपोआप, बटण न दाबता. ती वर नेते, वर गेलं की हवा आणखी फुगते, ती आणखी वर नेते. शिसं बरोब्बर असतं तर पिशवीत बरीच कमी हवा लागली असती आणि एवढा फरक तिनं नुसत्या श्वासानं सांभाळला असता. म्हणून बीसीडी निवडण्याच्या आधी शिसं बरोबर करा. डायव्ह संपत आला, टाकीत पन्नास बार हवा उरली, पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा घेतलाय आणि पिशवी जवळजवळ रिकामी आहे, अशा वेळी तुम्ही स्थिर राहू शकलात तर वजन बरोबर. आणखी एक. समुद्राचं पाणी गोड्या पाण्याहून साधारण अडीच टक्के जड असतं. तलावात सराव करताना जेवढं शिसं लागतं त्याहून समुद्रात दोनेक किलो जास्त लागतं. तलावातला आकडा समुद्रात आणि समुद्रातला तलावात नेऊ नका.

मग पिशवी केवढी हवी? आपल्याकडं बहुतेक ठिकाणी अकरा लिटरची ॲल्युमिनियमची टाकी मिळते. दोनशे बारला भरली की तिच्यातल्या हवेचंच वजन अडीच किलोंच्या आसपास असतं. हवा संपत जाते तशी टाकी हलकी होते, म्हणून सुरुवातीला तेवढं वजन जास्तीचं घेऊनच उतरावं लागतं. आपल्या कोमट समुद्रात तीन मिलिमीटरचा सूट पुरतो. तो खाली गेल्यावर दबतो आणि त्याची दीड-दोन किलोंची उचल बरीचशी जाते. दोन्ही मिळून चार-साडेचार किलो. त्यात पृष्ठभागावर डोकं पाण्याबाहेर ठेवायला लागणारी उचल धरा. तेरा-चौदा किलो उचलीची पिशवी यासाठी पुरून उरते. मी घेतलेलं वीस किलोंच्या वरचं जॅकेट जाड सूट आणि ढीगभर शिसं लागणाऱ्या थंड पाण्यासाठी होतं. तो बिचारा दुकानदार बरोबर सांगत होता.

बीसीडीचे ढोबळ तीन प्रकार. पहिला जॅकेटचा. यात हवा पाठीला, कुशीला, पोटाकडं अशी सगळीकडं जाते. पृष्ठभागावर उभं तरंगायला हे आरामाचं. शिकताना आणि भाड्यानं बहुधा हेच मिळतं. पण पूर्ण फुगलं की छाती आवळतं, आणि बऱ्याच जॅकेटांचं माप पुरुषांच्या खांद्याला धरून केलेलं असतं. बायकांनी आणि बारीक मुलांनी हे घालून बघितल्याशिवाय घेऊ नये.

दुसरा प्रकार, हवा फक्त पाठीकडं. पुढचा भाग मोकळा राहतो. पाण्याखाली शरीर आपोआप आडवं राहायला मदत होते आणि आडवं राहणं महत्त्वाचं. तिरके उभे राहिलात तर पंखांची प्रत्येक लाथ तुम्हाला वर ढकलते, शिवाय प्रवाळावर वाळू उडते. पृष्ठभागावर मात्र जास्त हवा भरली तर ही बीसीडी तोंड पुढं पाण्यात ढकलते. डबा कमरेला सरकलेल्या त्या पोराची गोष्ट आठवा. उचल किती आहे याच्याइतकंच ती शरीराच्या कुठल्या भागाला आहे हे बघायचं असतं. उपाय सोपा आहे. थोडं शिसं टाकीच्या पट्ट्यावर मागं घ्या, गरजेपुरतीच हवा भरा आणि किंचित मागं रेलून राहा.

तिसरा प्रकार पाटी आणि पंख्याचा, म्हणजे बॅकप्लेट आणि विंग. पाठीला एक धातूची किंवा कापडी पाटी, तिच्यातून ओवलेला पाच सेंटिमीटर रुंदीचा एकच लांब पट्टा आणि मागं सुटी पिशवी. फ्लोरिडातल्या पाण्याखालच्या गुहांत जाणाऱ्या लोकांमुळं ही पद्धत रूढ झाली. दिसायला उघडीवाघडी, पण पट्टा तुमच्या अंगाप्रमाणं कापून बसवता येतो आणि पिशवी वेगळी विकत घेता येते. उद्या थंड पाण्यात गेलात तर फक्त पिशवी बदला.

आता प्रवासाचं. देशांतर्गत विमानात साधारण पंधरा किलो सामान चालतं. साधं जॅकेट साडेतीन-चार किलोंचं. प्रवासी म्हणून विकल्या जाणाऱ्या हलक्या बीसीडी दोन-अडीच किलोंच्या, घडी घालून बॅगेत मावणाऱ्या. पाटी पोलादाची असेल तर तिचंच वजन दोन किलोंच्या वर. पाण्यात तो फायदा असतो, तेवढं शिसं कमी लागतं. पण शिसं बोटीवर बहुधा मिळतंच, मग विमानात ते पोलादाच्या रूपानं कशाला वाहायचं? ॲल्युमिनियमची पाटी किलोभर भरते. मालवणला गाडीनं जाणाऱ्या बेळगावकरानं पोलादाची घेतली तरी हरकत नाही, अंदमानला जाणाऱ्यानं हलकी घ्यावी.

आम्ही काय घेतलं? लेकीला ॲल्युमिनियमची पाटी आणि तेरा किलोंची लहान पिशवी, तिच्या अंगावर बसवलेल्या पट्ट्यासह. मी पाठीकडं हवा जाणारी हलकी प्रवासी बीसीडी घेतली. माझा उजवा खांदा दुखतो, तो एकसंध पट्टा काढताना हात मागं वळवावा लागतो, मला ते जमत नाही. दुकानात दोघींना एकच प्रकार घ्यायचा मोह झाला होता. पण खांदे वेगळे, पाठी वेगळ्या. मोठं जॅकेट आमच्या ओळखीतल्या एका उंच, धिप्पाड मुलाला दिलं, त्याला ते छान बसतं.

माप बघण्याची एक युक्ती सांगते. जो सूट घालून उतरणार तो अंगात घालूनच बीसीडी घाला, पट्टे आवळा आणि कुणाला तरी खांद्याकडून वर उचलायला सांगा. ती कानापर्यंत आली आणि तुम्ही खालीच राहिलात तर ती मोठी आहे. आमच्या लेकीचं जॅकेट हनुवटीच्या वर आलं असतं. दोन पायांतून जाणारा एक पट्टा मिळतो, तो लावला की बीसीडी वर सरकतच नाही. तो बघून आप्पा हसले होते. "हा तर कासोटा की!" विहिरीवर डबा सरकला त्या दिवसापासून ते प्रत्येक पोराला दोरीचा एक फेरा पायांतून घालायचे, हे मला त्यांनी तेव्हाच सांगितलं.

नव्या बीसीडी घेऊन आम्ही पुन्हा वडगावला गेलो. अंदमानची तिकिटं काढली होती. या वेळी लेक तिच्या कॉलेजच्या मैत्रिणीबरोबर जोडीनं उतरणार होती. सोबत वाटाड्या असणार, पण मी नसणार. मी आईबरोबर पोर्ट ब्लेअर आणि स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक, फिरणार होते आणि फार तर एखादा डायव्ह वेगळा करणार होते. हे ठरवायला मला महिना लागला होता. आप्पांना ते पसंत नव्हतं. "तू बरोबर असशील तर ठीक," एवढंच ते म्हणायचे. मुलीच्या जातीला विहिरीवर न नेणारे आप्पा ते.

पण वस्तू हातात आल्यावर त्यांच्यातला विणकर जागा झाला. चष्मा लावून त्यांनी पट्ट्याची वीण तपासली. उभे धागे किती दाट, काठ कसा, कुठं सुटलंय का. "नायलॉन आहे. सूत ओलं झालं की आवळतं, हे ओलं झालं की सैल पडतं." अगदी खरं! टाकीभोवतीचा पट्टा म्हणूनच आधी भिजवून मग आवळायचा असतो. कोरडाच आवळला तर पाण्यात गेल्यावर टाकी घसरते. आम्हाला हे कोर्समध्ये शिकवलं होतं, त्यांना धोट्यानं शिकवलं होतं. मग त्यांनी शिवणीवर नख फिरवलं. माझी बीसीडी जुनी, एकाकडून घेतलेली. तिच्या खांद्याच्या पट्ट्याची शिवण एका जागी विरली होती, मला ती दिसलीच नव्हती. बॅगा शिवणाऱ्याकडं नेऊन जाड दोऱ्यानं ती नवीन घालून आणली. जुनी बीसीडी घेणाऱ्यांनो, पिशवी आणि बटणं सगळेच बघतात, शिवण बघा.

देखभालीचं थोडक्यात. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्यानं बाहेरून धुवाच, शिवाय नळीतून आत पाणी घालून, खळबळून, हवा सोडायच्या झडपांतून काढून टाका. आत मीठ सुकलं की त्याचे खडे पिशवीला घासतात आणि हवा भरायचं बटण दाबलेलंच अडकू शकतं. तसं पाण्याखाली झालं तर नळी झटकन काढून टाकायची, याचा सराव डोळे मिटून करून ठेवा. ठेवताना थोडी हवा भरून सावलीत टांगा.

आणि घाईनं विकत घेऊ नका. वर्षातून चार-पाचच डायव्ह करणार असाल तर भाड्याची बीसीडी पुरते. आधी स्वतःचा मुखवटा घ्या, मग डायव्ह संगणक, मग ही. भाड्याची घेताना मात्र "चालेल" म्हणू नका. मोठी असेल तर बदलून मागा, मागायला लाजू नका.

आपल्या भागातल्या मुलांना आणखी एक सांगायचं. विमानात बसण्याआधी थांबायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. एका डायव्हनंतर निदान बारा तास, जास्त डायव्ह केले तर अठरा. पण बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच आहे. मालवणहून त्याच संध्याकाळी आंबोली चढून घरी येणं हेही उंचावर जाणंच आहे. रात्र खालीच काढा, सोलकढी प्या, सकाळी निघा.

निघण्याच्या आदल्या रात्री लेकीनं आप्पांना शेवटची चाचणी दाखवली. पिशवी पूर्ण फुगवायची आणि रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी मऊ पडली तर कुठंतरी गळती आहे. आप्पांनी ती फुगवलेली पिशवी जमिनीवर ठेवू दिली नाही. आमचा माग आता बंद असतो, त्याच्यावर एक जुनं लुगडं अंथरून त्यांनी ती वर ठेवली. रात्री दोनदा मला त्यांच्या खोलीचा दिवा दिसला.

पहाटे मी उठले तेव्हा ते मागापाशी उभे होते. दोन्ही अंगठ्यांनी पिशवी दाबून बघत होते, सुताचा पिळा दाबतात तशी. मला बघून म्हणाले, "भरलेलीच आहे. एवढीशी पिशवी, पण रात्रभर राहिली." मग थोड्या वेळानं, "तिला म्हणावं, पाण्यात उतरायच्या आधी पट्टा भिजव. आणि कासोटा विसरू नको."

"म्हणजे जाऊ दे म्हणताय?" मी विचारलं.

"मी कोण अडवणारा?" म्हणाले, आणि बटण दाबून स्वतःच हवा सोडू लागले. पिशवी हळूहळू बसत गेली. लेक झोपेतून उठून दारात येऊन उभी होती. "आजोबा, वरची झडप नको, खालची दोरी ओढा, तिथून पाणीही निघतं," ती म्हणाली. आप्पांनी खालची दोरी ओढली.